खोलीभाड्यावर उभे राहिलेले शहर : लास वेगासच्या पर्यटन प्राधिकरणाची वाटचाल

लास वेगासमधल्या कोणत्याही हॉटेलचे बिल पाहिले, तर खोलीभाड्याखाली कराची एक ओळ असते. 'स्ट्रिप' या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलांत हा कर तेरा टक्क्यांच्या घरात जातो. पाहुणा तो भरतो आणि विसरतो. गेली सत्तर वर्षे या वाळवंटी शहराचे पर्यटन सांभाळणाऱ्या संस्थेचा संसार मुख्यतः या कराच्या वाट्यावर चालतो. लास वेगास कन्व्हेन्शन अँड व्हिजिटर्स अथॉरिटी हे तिचे नाव. सोयीसाठी आपण तिला प्राधिकरण म्हणू.

महाराष्ट्रातून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला जाणाऱ्या बहुतेक सहलींत लास वेगासचा मुक्काम ठरलेला असतो. मुलामुलींकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या आईवडिलांनाही एखाद्या लांब सुट्टीत तिथे नेले जाते. परतल्यावर बोलणे होते ते रोषणाईचे, कारंज्यांचे आणि कॅसिनोंचे. एवढा पसारा चालतो कसा आणि शहराच्या वेशीबाहेर काय काय आहे, हे आधी ठाऊक असेल तर त्या मुक्कामाचे खरे चीज होते.

धरणाचे प्रवेशद्वार

या जागी मुळात गोड्या पाण्याचे झरे होते. पाइयूट आदिवासी शतकानुशतके त्यांच्या आधाराने राहिले. १८५५मध्ये मॉर्मन पंथीयांनी इथे मातीच्या विटांचा किल्ला बांधला आणि दोन वर्षांत सोडूनही दिला. पुढे सॉल्ट लेक सिटी ते लॉस एंजेलिस असा लोहमार्ग आला. वाफेच्या इंजिनांना लागणारे पाणी इथे मिळत होते. १५ मे १९०५ रोजी रेल्वे कंपनीने रुळांलगतच्या भूखंडांचा लिलाव पुकारला आणि गाव वसले.

१९३१ साली या गावाचे नशीब फिरले. मार्चमध्ये नेवाडा राज्याने जुगार कायदेशीर केला. घटस्फोटासाठी राज्यात राहण्याची मुदत सहा आठवड्यांवर आणली. त्याच वर्षी पन्नास-साठ किलोमीटरवर, कोलोरॅडो नदीच्या घळीत हूव्हर धरणाचे काम सुरू झाले. महामंदीचा काळ होता. कामाच्या शोधात हजारो माणसे कुटुंबकबिल्यासह वाळवंटात येऊन पडली. त्यांच्यासाठी सरकारने बोल्डर सिटी नावाची वसाहत बांधली आणि तिथे जुगाराला मनाई केली. ती मनाई आजही कायम आहे. साहजिकच पगाराच्या दिवशी मजुरांची पावले लास वेगासच्या फ्रीमाँट स्ट्रीटकडे वळू लागली.

३० सप्टेंबर १९३५ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या हस्ते धरणाचे लोकार्पण झाले. मजूर पांगले, पण धरण पाहायला लोक येऊ लागले. तेव्हा ते बोल्डर धरण म्हणून ओळखले जाई. शहराने फ्रीमाँट स्ट्रीटवर कमान उभारली आणि स्वतःला 'बोल्डर धरणाचे प्रवेशद्वार' म्हणवून घेतले. ज्या शहराची ओळख आज कॅसिनो आहे, त्याने पर्यटनाची पहिली हाक धरणाच्या नावाने दिली होती.

१९५५ : रिकाम्या दिवसांचा प्रश्न

१९४१मध्ये लॉस एंजेलिसच्या महामार्गावर 'एल रँचो वेगास' हे पहिले मोठे हॉटेल-कॅसिनो उघडले. १९४६च्या नाताळात गुन्हेगारी टोळीतल्या बग्सी सीगलचे 'फ्लेमिंगो' आले. ही हॉटेले मुद्दाम शहराच्या हद्दीबाहेर बांधली गेली, कारण तिथे नगरपालिकेचे कर लागत नव्हते. आज जगाला लास वेगास म्हणून माहीत असलेली स्ट्रिप त्यामुळेच कायद्याने लास वेगास शहरात येत नाही. ती क्लार्क काउंटीच्या, म्हणजे जिल्हा प्रशासनाच्या, अखत्यारीत आहे. प्रसिद्धीचा फायदा शहराला, महसूल काउंटीला, अशी ही विभागणी. पर्यटनाची एकत्र व्यवस्था लावायची, तर दोघांना एका टेबलाशी बसवणे भाग होते.

१९५५ साली ती गरज टोकाला गेली. त्या एका वर्षात रिव्हिएरा, ड्यून्स, रॉयल नेवाडा, मूलाँ रूज अशी हॉटेले लागोपाठ उघडली आणि त्यांतली काही लगेच डबघाईला आली. शुक्रवार ते रविवार खोली मिळत नसे. सोमवार ते गुरुवार मात्र मोठमोठी सभागृहे ओस पडत. कॅलिफोर्नियातून गाडी काढून येणारा माणूस सुट्टीलाच येणार. खर्च मात्र आठवडाभर चालू.

यावर उत्तर म्हणून राज्याच्या कायद्याने क्लार्क काउंटी फेअर अँड रिक्रिएशन बोर्ड स्थापन झाले. तेच पुढे आजचे प्राधिकरण झाले. त्यामागचा विचार साधा होता. व्यावसायिक अधिवेशने आणि प्रदर्शने आठवड्याच्या मधल्या दिवसांत भरतात. त्यांना जागा दिली की रिकाम्या खोल्या भरतील. एखादे हॉटेल एकट्याने एवढे मोठे सभागृह बांधणार नाही, म्हणून ते सर्वांच्या वतीने बांधायचे आणि पैसा खोलीभाड्याच्या करातून उभा करायचा. आज प्राधिकरणाच्या मंडळावर चौदा सदस्य आहेत : काउंटी आणि परिसरातील शहरांचे आठ लोकप्रतिनिधी, आणि उद्योगक्षेत्रातील सहा. शहर आणि काउंटी यांची हद्द वेगळी असली तरी पाहुणा एकच आहे, हे या रचनेने मान्य केले.

घुमट, घोड्यांचे मैदान आणि संगणक

स्ट्रिपपासून जवळच पॅराडाइज रोडवर घोड्यांच्या शर्यतींचे एक मैदान होते. शर्यती चालल्या नाहीत आणि मैदान पडून राहिले. त्या जागेवर एप्रिल १९५९मध्ये लास वेगास कन्व्हेन्शन सेंटर उभे राहिले. गोल इमारत, वर चंदेरी घुमट, आत सहा हजारांवर आसने. उद्घाटनाचा कार्यक्रम म्हणून विमानोड्डाणाशी संबंधित जागतिक परिषद भरली. ऑगस्ट १९६४मध्ये बीटल्सचे कार्यक्रम इथेच झाले, कारण त्या गर्दीला पुरेल असे दालन कोणत्याही हॉटेलकडे नव्हते. १९९०मध्ये घुमट पाडला गेला, पण जागा बदलली नाही. तिथेच एकेक दालन वाढत गेले.

१९७८मध्ये कंझ्युमर इलेक्ट्रॉनिक्स शो, म्हणजेच सीईएस, हे प्रदर्शन हिवाळी सत्रासाठी इथे आले आणि मुक्कामी राहिले. जानेवारीचा पहिला पंधरवडा हा नववर्षाची गर्दी ओसरल्यानंतरचा थंड काळ. त्या काळात लाखाहून अधिक प्रतिनिधी आणणारे प्रदर्शन मिळणे, म्हणजे १९५५च्या विचाराला मिळालेली पावती होती. भारतातले, पुण्या-मुंबईतलेही, अनेक अभियंते आणि उद्योजक आज या प्रदर्शनासाठी लास वेगासला जातात आणि बऱ्याचदा जुगाराच्या टेबलाला हातही न लावता परततात.

आकडे या वाटचालीचा चढ स्पष्ट दाखवतात. १९७०मध्ये ६८ लाख पाहुणे आले. १९८०मध्ये १ कोटी १९ लाख, १९९०मध्ये सुमारे २ कोटी १० लाख, २०००मध्ये ३ कोटी ५८ लाख. २०१६मध्ये ४ कोटी २९ लाखांचा उच्चांक झाला. आज परिसरात सुमारे दीड लाख खोल्या आहेत. पाहुणे किती आले, खोल्या किती भरल्या, रस्त्याने किती गाड्या आल्या, हे आकडे प्राधिकरण दर महिन्याला जाहीर करते. वाईट महिन्याचेही करते. पर्यटनाचा खरा अंदाज घ्यायचा तर अशी सवय फार मोलाची असते.

छायाचित्राची ताकद

प्रसिद्धीचे काम प्राधिकरणाच्याही आधी सुरू झाले होते. १९४०च्या दशकाच्या अखेरीस व्यापारी मंडळाने वृत्तसेवा काढली. लास वेगास न्यूज ब्यूरो या नावाने ती पुढे प्राधिकरणात आली. तिची एक पद्धत सांगण्यासारखी आहे. आयोवा किंवा ओहायोच्या एखाद्या लहान गावातले जोडपे हॉटेलच्या तलावाकाठी बसलेले असे. ब्यूरोचा छायाचित्रकार त्यांचे छायाचित्र काढी, नावगाव लिहून घेई आणि ते त्यांच्या गावच्या वर्तमानपत्राला पाठवून देई. गावच्या पेपरात आपल्या शेजाऱ्याचे छायाचित्र पाहून चार घरांत लास वेगासची चर्चा होई. जाहिरातीचा खर्च टपालाएवढा! सँड्स हॉटेलच्या तलावात जुगाराचे टेबल तरंगत ठेवून काढलेले छायाचित्र तर देशभर छापले गेले.

१९५९मध्ये बेटी विलिस यांनी रेखाटलेली 'वेलकम टू फॅब्युलस लास वेगास' ही पाटी आली. तिच्या रचनेवर त्यांनी कधी हक्क नोंदवला नाही. म्हणूनच ती जगभरच्या टीशर्टांवर दिसते. आज या पाटीखाली छायाचित्रासाठी रांग लागते आणि त्या रांगेत मराठी हमखास ऐकू येते. २००३मध्ये 'इथे घडते ते इथेच राहते' या अर्थाची प्राधिकरणाची मोहीम आली आणि ते वाक्य अमेरिकेत म्हणीसारखे रुळले.

कसोटीचे प्रसंग

वाटचाल लिहायची, तर काळी पानेही उघडली पाहिजेत. १९५०च्या दशकात नॅट किंग कोल, सॅमी डेव्हिस ज्युनिअर यांच्यासारखे कृष्णवर्णीय कलावंत स्ट्रिपवर गर्दी खेचत. पण ज्या हॉटेलात गायचे, तिथे त्यांना खोली मिळत नसे. त्यांना पश्चिमेकडच्या वस्तीत मुक्काम करावा लागे. दंतवैद्य आणि नागरी हक्कांचे स्थानिक नेते जेम्स मॅकमिलन यांनी मोर्चाचा इशारा दिला आणि २६ मार्च १९६० रोजी मूलाँ रूजमध्ये झालेल्या बैठकीत स्ट्रिपची दारे सर्वांना खुली करण्याचे ठरले. पाहुणचारावर जगणाऱ्या शहराने सर्वांचा पाहुणचार करायला एवढा उशीर लावला, ही त्या इतिहासातली शरमेची बाब आहे.

२१ नोव्हेंबर १९८० रोजी एमजीएम ग्रँड हॉटेलला लागलेल्या आगीत ८५ माणसे दगावली. त्यानंतर नेवाडाने उंच इमारतींत पाण्याच्या फवाऱ्यांची सक्ती केली. १९९१मध्ये फ्रंटियर हॉटेलच्या साडेपाचशे कामगारांनी संप पुकारला, तो सहा वर्षांहून अधिक चालला आणि एकही जण फुटून कामावर गेला नाही. खोल्या झाडणाऱ्या आणि स्वयंपाकघरात राबणाऱ्या माणसांना इथे बरे वेतन मिळते, त्यामागे कलिनरी वर्कर्स युनियनचे हे बळ आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी संगीत महोत्सवावर झालेल्या गोळीबारात पुढे दगावलेले धरून ६० जणांचा बळी गेला. प्राधिकरणाने आपली नेहमीची जाहिरात तातडीने थांबवली. मार्च २०२०पासून करोनामुळे कॅसिनो ७८ दिवस बंद राहिले आणि आदल्या वर्षीचे सव्वाचार कोटी पाहुणे १ कोटी ९० लाखांवर आले. २०२४मध्ये आकडा ४ कोटी १७ लाखांपर्यंत चढला, २०२५मध्ये पुन्हा घसरला.

संस्थेवर टीकाही झाली आहे. विमान कंपनीच्या भेटकार्डांच्या गैरवापराचे प्रकरण २०१८मध्ये गाजले. अमेरिकन फुटबॉलच्या अलीजियंट स्टेडियमसाठी २०१६च्या कायद्याने खोलीकर वाढवून ७५ कोटी डॉलर सार्वजनिक पैसा दिला गेला. हा पैसा शाळांना का नाही, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो रास्तच होता. त्याच कायद्यातून कन्व्हेन्शन सेंटरच्या विस्तारालाही निधी मिळाला आणि २०२१मध्ये नवे पश्चिम दालन उघडले.

पाण्याचा हिशेब

इथे वर्षाला जेमतेम १०५ मिलिमीटर पाऊस पडतो. गावाला जन्म देणारे झरे उपशामुळे १९६२पर्यंत आटले. आज सुमारे नव्वद टक्के पाणी कोलोरॅडो नदीचे, म्हणजे हूव्हर धरणामागच्या लेक मीडचे. नदीच्या वाटपात नेवाडाचा वाटा वर्षाला ३ लाख एकर-फूट, आपल्या भाषेत सुमारे १३ टीएमसी. लेक मीड पूर्ण भरले तर कोयनेच्या दहापटीहून अधिक पाणी मावते. पण धरण बांधून ते पहिल्यांदा भरल्यापासूनची सर्वांत खालची पातळी २०२२च्या उन्हाळ्यात गाठली गेली. कड्यांवर उमटलेला पांढरा पट्टा धरणावरून उघड दिसतो. पूर्वी पाणी कुठवर होते, हे तो सांगतो.

पर्यटकाला वाटते, कारंजी आणि हॉटेलांतली न्हाणीघरे हीच उधळपट्टी. प्रत्यक्षात इमारतींच्या आत वापरलेले जवळजवळ सगळे पाणी शुद्ध करून पुन्हा लेक मीडमध्ये सोडले जाते आणि तेवढे परत उचलता येते. बेलाजिओच्या कारंज्यांनाही नदीचे पाणी लागत नाही. पूर्वी तिथे असलेल्या गोल्फ मैदानाच्या विहिरीचे ते पाणी आहे. खरी गळती हिरवळीत आणि वातानुकूलनात. म्हणून १९९१मध्ये स्थापन झालेले सदर्न नेवाडा वॉटर अथॉरिटी हिरवळ काढणाऱ्यांना पैसे देते आणि २०२१च्या कायद्यानुसार केवळ शोभेसाठी राखलेल्या हिरवळीला २०२७पासून नदीचे पाणी मिळणार नाही. लोकवस्ती वाढूनही २००२च्या तुलनेत नदीचे पाणी आज कमी खर्च होते. पर्यटन प्राधिकरणाच्या सगळ्या मोहिमा या हिशेबावर तोललेल्या आहेत.

वेशीबाहेर

आता जाणाऱ्यांसाठी. पहिला मान हूव्हर धरणाचा. उंची २२१ मीटर. माथ्यावरून चालत नेवाडातून ॲरिझोनात जाता येते. दोन्ही बाजूंच्या मनोऱ्यांवर घड्याळे आहेत, एक नेवाडाची वेळ दाखवते, दुसरे ॲरिझोनाची. हिवाळ्यात त्यांत तासाचा फरक असतो. उन्हाळ्यात ॲरिझोना घड्याळ पुढे करत नाही, म्हणून दोन्ही जुळतात. एवढे काँक्रीट एकसंध ओतले असते तर थंड व्हायला शंभराहून अधिक वर्षे लागली असती, असा हिशेब होता. म्हणून ते ठोकळ्याठोकळ्यांनी ओतले आणि आत नऊशे किलोमीटरहून लांब पोलादी नळ्या घालून त्यांतून गार पाणी फिरवले. बांधकामात अधिकृत नोंदीनुसार ९६ कामगार गेले. त्यांचे स्मरण करूनच तिथून निघावे.

पश्चिमेला सुमारे तीस किलोमीटरवर रेड रॉक कॅनियन. एकवीस किलोमीटरच्या एकेरी रस्त्याने गाडीतून फिरता येते. इथे जुना करडा चुनखडक नव्या तांबड्या वालुकाश्माच्या डोक्यावर चढून बसला आहे. दोन रंगांमधली रेघ दुरूनही दिसते. ऑक्टोबर ते मे या काळात प्रवेशाची वेळ आधी नोंदवावी लागते. ईशान्येला सुमारे ऐंशी किलोमीटरवर व्हॅली ऑफ फायर आहे. तिथे खडकांवर प्राचीन रहिवाशांनी कोरलेली चित्रे पाहायला मिळतात. उन्हाळ्यात शहर चाळिशीपार असताना, ३,६३२ मीटर उंचीच्या माउंट चार्ल्सटनच्या उतारावर हवा सुखद असते.

ग्रँड कॅनियनबाबत आपल्याकडे नेहमी गोंधळ होतो. काचेचा स्कायवॉक असलेली पश्चिम कड ही वालापाय आदिवासींची जमीन आहे. ती दोन-अडीच तासांवर आहे, तिकीट वेगळे आहे आणि राष्ट्रीय उद्यानाचा पास तिथे चालत नाही. राष्ट्रीय उद्यानाची दक्षिण कड सुमारे ४५० किलोमीटरवर, साडेचार तासांच्या प्रवासावर आहे. दरीचा खरा विस्तार पाहायचा असेल, तर तिथेच एक रात्र काढावी. डेथ व्हॅलीत समुद्रसपाटीपेक्षा ८६ मीटर खाली जाता येते; १९१३मध्ये तिथे ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. उन्हाळ्यात ज्येष्ठांना तिकडे नेऊ नये.

काही व्यवहाराच्या गोष्टी. भारतातून थेट विमान नाही. हॅरी रीड विमानतळ स्ट्रिपपासून अगदी जवळ आहे, पण मोनोरेल तिथपर्यंत जात नाही. एकवीस वर्षांखालील मुलांना कॅसिनोच्या दालनातून चालत पुढे जाता येते, रेंगाळता येत नाही. शनिवार-रविवारपेक्षा मधल्या वारी खोल्या स्वस्त असतात, मात्र मोठे प्रदर्शन असेल तर भाव दुप्पट-तिप्पट होतात. म्हणून तारखा ठरवण्यापूर्वी प्राधिकरणाचे अधिवेशनांचे वेळापत्रक पाहावे. खोलीभाड्याशिवाय 'रिसॉर्ट फी' लागते, ती धरूनच खर्च मांडावा. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे फिरण्याचे महिने. हवा इतकी कोरडी की घाम जाणवत नाही, म्हणून तहान लागण्याआधी पाणी प्यावे.

पाहुण्यांकडून घेतलेला पैसा त्यांच्याच सोयीसाठी वापरणारी, स्थानिक प्रतिनिधींना उत्तरदायी असलेली आणि आकडे दर महिन्याला उघड करणारी संस्था सत्तर वर्षे टिकली, हे लास वेगासचे सर्वांत मोठे यश आहे. पर्यटनावर डोळा ठेवणाऱ्या कोणत्याही गावाने ते अभ्यासावे. आणि वाचकहो, तिथला मुक्काम दोन रात्रींचा असेल, तर मधला एक पूर्ण दिवस शहराबाहेर घालवा. सहल कंपनीच्या कार्यक्रमात हूव्हर धरण नसेल, तर ते घालायला लावा.